धूर आमचा, हिशोब कुणाचा?

मी गोदीतला ठेक्यावरचा मजूर. बार्जमधला कोळसा उपसतो. रात्री थुंकी काळी पडते. कोळशासाठी मी गळा काढणार नाही.

जाणकार भांडतायत. एक म्हणतो, हवा नासली, वीजकेंद्रं बंद करा. दुसरा म्हणतो, देशाची सुमारे ७० टक्के वीज कोळशाची, बंद कशी करणार? दोघंही खरं बोलतात. पण दोघांच्या वहीत ठेक्यावरचा माणूस नाही. राखेत उतरणारे हात कुठल्या वस्तीतले, ते मी सांगायला नको.

जर्मनीनं २०२० साली कायदा केला : २०३८ पर्यंत कोळसा बंद, कोळसापट्ट्यांना ४० अब्ज युरोपर्यंत मदत, वय झालेल्या कामगारांना भत्ता. आपल्या सरकारनं २०२१ साली ग्लासगोत २०७० पर्यंत उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणायचं वचन दिलं. मजुरासाठी तसला कायदा मात्र नाही.

१९४२ ते १९४६ बाबासाहेब मजूर खातं सांभाळत होते. विजेचं नियोजनही त्याच खात्यात. वीज आणि मजूर एकाच टेबलावर होते. त्यांना वेगळं कुणी केलं?

भट्ट्या विझवा. पण आधी हजेरीपटावर नाव, हाताला नवं काम, फुप्फुसांची भरपाई. नाहीतर धूर जाईल, भूक राहील.