वनभोजनाची खीर

(सुवर्ण महोत्सवी सोहळ्याच्या दुसऱ्या दिवशी झालेल्या भाषणाचा मजकूर)



कालपासून या व्यासपीठावरून ट्रस्टचे वसतिगृह, शिष्यवृत्त्या, मंदिराचा जीर्णोद्धार यांविषयी अभ्यासपूर्ण विचार मांडले गेले. संयोजकांनी मला 'आपले जुने खाद्यपदार्थ आणि वनभोजने' हा विषय दिला, तेव्हा खरे सांगायचे तर प्रथम थोडा रागच आला. बत्तीस वर्षे शाळेत गणित शिकविलेल्या बाईला अखेर चुलीचाच विषय मिळावा! परंतु घरी गेल्यावर मन कितीतरी वर्षे मागे गेले, आणि या विषयावर आपणच बोलले पाहिजे असे वाटू लागले. त्याचे कारण पुढे ओघात येईलच.

मी या गावची सून. माहेर चिकोडीकडचे, घरात कन्नड बोलणारे. खपली गव्हाच्या खिरीला आम्ही 'हुग्गी' म्हणत असू. 1978 साली लग्न होऊन येथे आले आणि पहिल्याच पौषात ट्रस्टचे वनभोजन आले. आदल्या दिवशी आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, विचारले, "खीर येते का गं तुला?" मी म्हटले, "हुग्गी येते." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग उखळाशी बस."

खपलीचे टरफल दाण्याला घट्ट चिकटलेले असते. म्हणून तो गहू किंचित ओलसर करून उखळात कांडावा लागतो, मग पाखडावा लागतो, आणि जराही टरफल राहिले तर पुन्हा कांडावा लागतो. त्या दिवशी आम्ही सहा सुनांनी मिळून दुपारपासून दिवे लागेपर्यंत कांडण केले. हाताला आलेले फोड आठवडाभर पुरले.

वनभोजन नदीकाठच्या मळीत असे. पहाटे बैलगाड्या निघत. पहिल्या गाडीत भांडी, दुसरीत शिधा आणि सरपण, मागच्या गाड्यांत मुलेबाळे व म्हातारी माणसे. उरलेले सगळे चालत. पुढे बैलगाडीची जागा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने घेतली. एक-दोन वर्षे आम्ही एस.टी.ची गाडी ठरवून कुंभोजच्या बाहुबलीलाही गेलो. समंतभद्र महाराजांनी तेथे उभारलेला आश्रम आणि 1963 मध्ये प्रतिष्ठापित झालेली 28 फुटी बाहुबलींची मूर्ती आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. डोंगर चढून उतरल्यावर लागणारी भूक, आणि त्या भुकेला मिळालेली थंड भाकरी, वाळलेल्या मिरचीची शेंगदाण्याची चटणी आणि दही यांची चव मी आजही सांगू शकेन. तरीही वनभोजन म्हणजे मळीतलेच, असे जुनी मंडळी म्हणत, आणि ते मला पटते.

तेथे गेल्यावर पहिले काम पाण्याचे. विहिरीचे पाणी दुहेरी जाड कापडातून गाळून घेतले जाई आणि कापडावर राहिलेली जिवाणी पुन्हा त्याच विहिरीत हलकेच सोडली जाई. हे काम ट्रस्टचे त्या वेळचे एक वयोवृद्ध विश्वस्त स्वतः करीत, दुसऱ्याला करू देत नसत. लहान मुले भोवती उभी राहून पाहत. पाठशाळेत वर्षभर शिकवूनही जे मुलांच्या लक्षात राहिले नसते, ते त्या विहिरीच्या काठावर राहून गेले. पिठाचेही तसेच. पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच दिवस आणि हिवाळ्यात सात दिवस ही पिठाची मर्यादा. वनभोजन पौषात असल्याने ज्वारी चार दिवस आधी दळून ठेवता येई. वनभोजन पौषातच का, या माझ्या भाबड्या प्रश्नाला आत्याबाईंनी दिलेली तीन उत्तरे अशी होती: शाळू हुरड्यात येतो, गुऱ्हाळे सुरू असतात आणि पीठ सात दिवस चालते.

जेवणात मळीची भरली वांगी असत. कृष्णाकाठच्या वांग्याविषयी मी येथे काही सांगणे म्हणजे सूर्याला दिवा दाखविणे होय. व्रती मंडळी वांगे घेत नसत, त्यांच्यासाठी घेवड्याची भाजी वेगळ्या चुलीवर होई. कोणी कोणाला त्यावरून टोचून बोलल्याचे मला आठवत नाही, हे आवर्जून नमूद करते, कारण हल्ली आपल्यात ते फार वाढले आहे. ज्वारीची भाकरी, झुणका, आमटी आणि दही. झुणका आणि दही एका पानात येऊ नये, द्विदलाचा दोष लागतो, म्हणून वाढणारी बाई आधी विचारी, "दही की झुणका?" मुले आधी झुणका खाऊन दुसऱ्या पंगतीत दह्यासाठी पुन्हा बसत. शिक्षिका झाल्यावर मला मुलांच्या लबाड्यांचे फारसे आश्चर्य वाटले नाही, त्याचे शिक्षण येथेच झाले होते.

दुपारी आगटी पेटे. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात शाळूची कणसे भाजायची, तळहातावर चोळायची आणि फुंकर घालून गरम दाणे तोंडात टाकायचे. गुळभेंडीचा हुरडा असेल तर चटणीचीही गरज नसे. ज्यांनी 1972 च्या दुष्काळात लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या होत्या, ती पिढी हुरड्याकडे ज्या नजरेने पाही, ती नजर आज दिसणार नाही, आणि दिसू नये हेच बरे. माझे सासरे हुरडा खाताना बोलत नसत.

तेथून जवळच गुऱ्हाळ असे. काहिलीतला रस उकळू लागला की त्यात रानभेंडीचे पाणी घालून मळी वर आणायची, ती झाऱ्याने काढून टाकायची, हे पाहण्यात तास निघून जाई. गरम काकवी द्रोणात मिळे. एकदा आमच्या पाठशाळेच्या गुरुजींनी उसाचा रस पिता पिता हस्तिनापूरच्या श्रेयांस राजाने भगवान ऋषभदेवांना दिलेल्या इक्षुरसाच्या आहाराची कथा सांगितली होती. समोर चरक फिरत होता आणि हातात रसाचा पेला होता. अक्षय्य तृतीयेची कथा मी नंतर अनेकदा ऐकली, पण तशी पुन्हा ऐकली नाही.

आता खिरीकडे येते. पहाटेपासून शिजत असलेली खीर दुपारी उतरे. गूळ, किसून भाजलेले सुके खोबरे, सुंठ, बडीशेप, वेलदोडे, जायफळ. खसखस काही जणांना वर्ज्य, म्हणून तिचे पातेले निराळे. पानात वाढल्यावर मध्ये खळगा करून त्यात तूप आणि वरून दूध. पहिल्या पंगतीला त्यागी-व्रती व पाहुणे, दुसरीला पुरुष, तिसरीला मुले, आणि शेवटी आम्ही. त्या पहिल्या वर्षी मी तिन्ही पंगती वाढल्या. आमची पंगत बसली तेव्हा खीर संपली होती.

आत्याबाईंनी काही न बोलता मोठे पातेले आडवे केले, उलथण्याने तळाची खरवड काढली, तिच्यात थोडे दूध घातले आणि आम्हा सहाजणींच्या पानात एकेक घास वाढला. करपलेल्या गुळाची, किंचित कडवट, धुरकट. भगिनींनो, 'जुन्या वनभोजनाची खीर काय चवदार असे!' असे कोणी म्हणाले की मला ती खरवड आठवते. ती मला आवडत असे, आजही आवडते. पण खीर कशी लागे हे मला कितीतरी वर्षे नीटसे ठाऊक नव्हते.

म्हणूनच 1997 च्या सभेत मी उभी राहिले आणि यापुढे वनभोजनाला आचारी बोलवावा, असा ठराव मांडला. बराच विरोध झाला. आचारी पाणी गाळेल का, मर्यादा पाळेल का, असे योग्य प्रश्न विचारले गेले. काही अयोग्यही बोलले गेले, ते सोडून देते. ठराव मंजूर झाला.

पुढची हकीकत आपल्याला माहीत आहे. आचारी आला, मग मळीऐवजी मंगल कार्यालय आले, मग पत्रावळी गेल्या आणि उभ्याने जेवण आले. खिरीच्या जागी गुलाबजाम आले, वांग्याच्या जागी पनीर आले. लोक जेवायला येत आणि जेवून जात. एका वर्षी तर दिवे लावून जेवणे सुरू राहिली, तेव्हा ज्येष्ठ मंडळी ताटाला हात न लावता उठून गेली. 2008 नंतर वनभोजन झालेच नाही. अनेक भगिनी आजही मला म्हणतात, "बाई, तुमच्या ठरावाने वनभोजन बंद पडले." मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. ठराव चुकला असे मला आजही वाटत नाही. त्या बायकांचे कष्ट थांबायला हवेच होते. पण काम बायकांवरून काढून आचाऱ्याकडे देताना, ते आपल्याच पुरुषांकडे द्यावे हे मला सुचले नाही. कोणालाच सुचले नाही.

मग 2019 चा ऑगस्ट आला. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेने 57 फुटांची पातळी ओलांडली, 2005 चा पूरही मागे पडला. खालच्या वस्त्यांतली माणसे, सर्व जातिधर्मांची, आपल्या सभागृहात आली. रस्ते बंद होते, आचारी कोठून येणार? माळ्यावरची वनभोजनाची पातेली खाली काढली. त्यांवर देणगीदारांची नावे कोरलेली आहेत, त्यातले एक माझ्या सासऱ्यांचे आहे. घरोघरच्या बायका आपापल्या घरचा चिखल आणि पाणी सांभाळत होत्या, त्यामुळे खिचडी आणि आमटी रांधली ती आपल्या तरुण मुलांनी. सात दिवस. सकाळ-संध्याकाळ, आणि संध्याकाळचे जेवण सूर्यास्ताच्या आत. कोणी सांगितले नव्हते, तीच वेळ त्यांना ठाऊक होती.

पाणी उतरल्यावर मंडळी घरी परतणार, त्या दिवशी काही गोड करावे असे मुलांनी ठरविले. विष्णुकुमार मुनींची कथा आपण रक्षाबंधनाला ऐकतो: सातशे मुनींचा उपसर्ग दूर झाला तेव्हा धुराने त्यांचे कंठ पोळले होते, म्हणून श्रावकांनी त्यांना गिळायला सोपी अशी खीर दिली. त्या वर्षी रक्षाबंधन 15 ऑगस्टला, अगदी तोंडावर आले होते. मुले माझ्याकडे आली. "आजी, खपलीची खीर सांगा." मोठ्या उत्साहाने मी चुलीपाशी उभी राहिले. आणि माझ्या लक्षात आले की मला प्रमाण ठाऊक नाही. मी आयुष्यभर कांडले होते आणि वाढले होते. गूळ कधी आणि किती घालायचा, हे आत्याबाई ठरवीत, आणि त्या 2003 मध्येच गेल्या होत्या. मी अंदाजाने गूळ घातला, तो लवकर घातला. गव्हाचा दाणा शेवटपर्यंत कडकच राहिला. पूरग्रस्त मंडळींनी ती खीर गोड मानून खाल्ली. एका वृद्ध मावशींनी मात्र पान बाजूला ठेवून मला हळूच सांगितले, "बाई, गूळ घातला की दाणा पुढं शिजत न्हाई." गणिताच्या शिक्षिकेला त्या दिवशी शून्य गुण मिळाले.

त्यानंतर चिकोडीच्या माझ्या मोठ्या वहिनींकडे जाऊन मी चार वेळा खीर केली आणि लिहून आणली. येथे सर्वांदेखत सांगते, म्हणजे पुन्हा कोणावर तशी वेळ येऊ नये. सडलेली खपली एक किलो, पाणी सहा ते सात लिटर, मंद आचेवर तीन-चार तास. दाणा फुलून बोटाने सहज चिरडला पाहिजे. तोवर गुळाला हात लावायचा नाही. मग गूळ सव्वा किलो, सुके खोबरे पाव किलो, सुंठ-वेलदोडे-जायफळ बेताने. दूध पातेल्यात घालायचे नाही, पानात घालायचे, नाहीतर गुळाने ते नासते. ढवळणे शेवटपर्यंत थांबवायचे नाही, आणि येथेच आठ माणसे लागतात.

मागच्या महिन्यात जागेच्या अडचणीमुळे ती जुनी पातेली मोडीत काढावीत, असा विषय सभेपुढे आला होता असे मला कळले. विश्वस्त मंडळाला माझी नम्र विनंती आहे की तो निर्णय पौष संपेपर्यंत स्थगित ठेवावा. पौषातल्या दुसऱ्या रविवारी मळीत वनभोजन करावे असे महिला मंडळाने योजिले आहे. जागा मिळाली आहे, विहीरही आहे. रांधण्याचे काम पुरुषांनी करावयाचे आहे. त्यागी-व्रतींच्या नंतरची पहिली पंगत स्त्रियांची राहील, आणि वयाने सर्वांत मोठ्या भगिनी तिच्यात आधी बसतील.

नावे नोंदविण्याची वही बाहेर मेजावर ठेवली आहे. खीर ढवळण्यासाठी आठ जण हवेत असे मी म्हणाले. मी व्यासपीठावर येईपर्यंत तीन नावे आली होती, आणि त्यातले एक आपल्या अध्यक्ष महोदयांचे आहे. खरवड मात्र मी माझ्यासाठी राखून ठेवणार आहे.

जय जिनेन्द्र.