लिफ्टच्या कार्डावरील दिवे



मीरा रोड-भाईंदरला आपल्यापैकी बहुतेकांची घरे इमारतींत आहेत, आणि लिफ्ट बंद पडण्याचा अनुभव कोणालाच नवा नाही. आयटीआयमध्ये लिफ्ट व एस्केलेटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तिकडे जाऊ इच्छिणाऱ्या मुलांना नजरेसमोर ठेवून मी कंट्रोलरच्या कार्डाविषयी बोलणार आहे.

कार्डाच्या कडेने कनेक्टर असतात. खाचेमुळे ते सहसा उलटे बसत नाहीत. परंतु शेजारचे दोन कनेक्टर एकाच मापाचे असले तर अदलाबदल होते. म्हणून वीज बंद करावी, खूण करावी, मगच काढावेत. जंपर म्हणजे दोन सुयांना जोडणारी इवलीशी टोपी. ‘कॅन’ पद्धतीच्या तारांवर अनेक कार्डे असतात. तेथे १२० ओमचा रोध फक्त दोन टोकांना हवा. वीज बंद करून मीटर लावल्यास सुमारे ६० ओम दिसतात. ४० दिसले, तर मधल्या एखाद्या कार्डावर तिसरी टोपी बसली आहे असे समजावे.

आता दिवे. प्रत्येक मजल्याच्या दाराचे कुलूप, लिफ्टचे दार, वेगनियंत्रक, खड्ड्यातील स्विच हे सारे एकाच साखळीत एकामागून एक जोडलेले असतात. एक कडी सुटली की लिफ्ट थांबते. साखळीच्या टप्प्याटप्प्यावर दिवा असेल, तर शेवटचा पेटलेला आणि पहिला विझलेला यांच्यामध्ये दोष असतो. दिव्यांचा क्रम कंपनीगणिक निराळा, तेव्हा पुस्तिका जवळ हवी. आपल्याकडे खाडीची खारी हवा आणि पावसाळ्यात खड्ड्यात साचणारे पाणी, त्यामुळे संपर्काचे पत्रे गंजतात. पुष्कळदा दोष तेवढाच असतो.

पण तो शोधायला वेळ लागतो, आणि खाली सोसायटीची मंडळी घाई करतात. मग कोणीतरी दाराच्या कुलपाला तार लावून ते ‘डायरेक्ट’ करतो. यालाही जंपरच म्हणतात! दिवा पेटतो, लिफ्ट धावते, सर्वजण आभार मानतात. मात्र आता दार उघडे असले तरी कार्डाला ते बंदच वाटते. दार ओढणाऱ्या मुलासमोर लिफ्ट नसेल, नुसता खड्डा असेल.

पालकहो, मेकॅनिकला अर्धा तास जास्त द्या. काम संपल्यावर त्याला एवढेच विचारा: दोष कोणत्या कडीत होता, आणि तपासणीसाठी लावलेली तार काढली का? विद्यार्थी मित्रांनो, अशा तारा लाल रंगाच्या, मोजून ठेवलेल्या असाव्यात. पेटी बंद करण्यापूर्वी त्या सगळ्या पिशवीत परत आल्या पाहिजेत.