वाटी आणि किलो



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण चुलीपुढचा हिशोब आपणां सर्वांनाच करावा लागतो. पूर्वी शेर, अधोली, पायलीने धान्य मापून मिळे. 1956 च्या कायद्यानंतर किलो-ग्रॅम आले. आता दुकानदार तोलून देतो आणि आपण वाटीने मापून शिजवतो.

घोटाळा येथेच होतो. वाटी एकच, पण जिन्नसाप्रमाणे वजन निराळे. 200 मिलिलिटरची वाटी सपाट भरली तर पाणी 200 ग्रॅम, तेल सुमारे 180, साखर 170, रवा 140 आणि कणीक अवघी 110 ग्रॅम भरते. शीग लावली की हिशोब पुन्हा बदलतो.

कार्तिकी पौर्णिमेला मन्मथस्वामींच्या यात्रेस दिंड्या येतात. समजा, शिऱ्यासाठी रवा व साखर दहा-दहा किलो आणली. रवा भरेल 71 वाट्या, साखर 59 वाट्या. वाटीस वाटी घालत गेलो तर बारा वाट्या साखर कमी पडणार! लांबून चालत आलेल्या शेवटच्या पंगतीला फिका शिरा वाढायचा का? अशा मापाला साखर बारा किलो हवी.

उपाय सोपा आहे. किलोची बंद पिशवी आणली की एकदाच आपल्या वाटीने सपाट मापावी आणि आकडा चिठ्ठीवर लिहून डब्याला चिकटवावा. वाटी मात्र बदलू नये. घरात नव्या आलेल्या सुनेलाही कोणाला विचारावे लागणार नाही.