फळीवरची बार्शी लाइट

घरी रेल्वेची प्रतिकृती करायची तर परदेशातले गाव कशाला? आपली बार्शी लाइट आहे. अडीच फुटी रुळांची ही गाडी १८९७मध्ये सुरू झाली, १९०६मध्ये पंढरपूरला पोचली आणि १९५४मध्ये सरकारने विकत घेतली. तेच १९५४ साल आपण निवडू.

एचओ मापात, म्हणजे मूळच्या ८७व्या हिश्शात, या दोन रुळांमधले अंतर पावणेनऊ मिलिमीटर येते. एन गेजचे तयार रूळ ९ मिलिमीटरचे असतात, ते चालतात. पण कुर्डुवाडी ते पंढरपूर हे पन्नासेक किलोमीटर याच हिशेबाने सहाशे मीटरच्या घरात जाते! म्हणून एकच स्टेशन घ्यावे.

शेतातली काळी माती बारीक चाळून, पाणी घातलेल्या फेविकॉलने बसवावी. बाभळीसाठी वाळक्या काटक्या, ज्वारीसाठी काथ्या. इंजिन वाफेचे, रुळांवर विजेच्या तारा नकोत.

फलाटावर कोण उभे असे, बोचकी कुठे ठेवत, हे मात्र बाजारात मिळत नाही. त्या रुळांच्या जागी आता ब्रॉडगेज आले. पण त्या गाडीने आषाढीला गेलेली माणसे अजून आपल्या घरांत आहेत. फळीला पहिला खिळा ठोकण्याआधी त्यांच्याजवळ बसा.