प्रवाळांच्या गावी जाताना

अंदमानातलं स्वराज द्वीप, म्हणजे 2018 पर्यंतचं हॅवलॉक, स्कूबा डायव्हिंगसाठी प्रसिद्ध आहे. तिथं पाण्याखाली दगडासारखी दिसणारी प्रवाळं खरं तर सजीव आहेत. पॉलिप नावाचे इवलेसे प्राणी वसाहत करून राहतात आणि चुन्याचा सांगाडा रचतात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल असतं. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं. पाणी फार तापलं, की हे शैवाल बाहेर टाकलं जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. 2010 साली अंदमानात हे मोठ्या प्रमाणावर घडलं.

खाली गेल्यावर कान देऊन ऐका. कर्रकर्र आवाज आला, तर जवळपास पोपटमासा चोचीसारख्या दातांनी प्रवाळ खरवडत असेल. खाल्लेला चुना त्याच्या विष्ठेतून वाळू होऊन बाहेर पडतो.

दर 10 मीटर खोलीला दाब एका वातावरणाएवढा वाढतो. म्हणून कान दुखायच्या आधीच नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारायची. श्वास मात्र कधीही रोखायचा नाही. वर येताना फुप्फुसातली हवा प्रसरण पावते आणि इजा होऊ शकते. वर यायचं तेही सावकाश. त्याच दिवशी विमानप्रवास नको. दमा किंवा हृदयविकार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि हो, प्रवाळाला हात लावू नका, आठवण म्हणून तुकडाही उचलू नका. वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे.