आजची भाकर, आजचं ऋण

मागच्या वेळी आपण हरिपाठावर बोललो, तेव्हा काही जणींनी विचारलं, ख्रिस्ती बायका घरी रोज काय करतात? देव्हारा असतो का त्यांच्याकडे?

आपली कुंडलिका रोह्यावरून वाहत रेवदंड्याला समुद्राला मिळते. तिथे खाडीपलीकडे, किल्ल्याच्या पायथ्याशी कोर्लई गाव आहे. तिथल्या ख्रिस्ती घरांत पोर्तुगीज-मराठी मिसळलेली बोली आजही बोलतात. आमच्या एका गटातल्या ताईंचं माहेर तिथलं. त्यांच्या घरात भिंतीवर क्रूस, त्याखाली लहानशी वेदी. सकाळी कामाला लागण्याआधी क्रुसाची खूण करायची. संध्याकाळी मेणबत्ती लावून सगळं घर जपमाळ म्हणतं, दहा-दहा मण्यांचे पाच भाग. मुलं मध्येच पेंगतात, तेही आपल्यासारखंच! प्रत्येक भागाआधी येशूने शिकवलेली प्रार्थना असते.

त्या प्रार्थनेत वर्षाचं धान्य मागितलेलं नाही, फक्त आजची भाकर. उद्याची उद्या मागायची, म्हणून ती रोजची. पुढे क्षमा मागितली आहे, पण आम्ही दुसऱ्याला करतो तशी. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या मराठीत तिथे शब्दच 'ऋण' आहे. म्हणजे आपल्या गटाचाच शब्द की! (गटाचा हप्ता माफ होत नाही, ते वेगळं.)

हे शास्त्र साध्या बायकांना वाचता यावं म्हणून पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल सोप्या मराठीत आणलं. छापखान्यात खिळे जुळवायला तिथल्याच बायका. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, तोपर्यंत वर्षानुवर्षं हे काम रोज थोडं थोडं चालू होतं. आम्हाला तर तीही पूजाच वाटते.

आता आमच्या गटाचं सांगतो. ताईंना मुलाच्या फीसाठी कर्ज हवं होतं. ते मिळालं दुसरीला, पोह्याच्या पापडांसाठी. ताईंनी बाहेरून व्याजाने पैसे उचलले. दोन महिने दोघी बोलत नव्हत्या, बैठकीत एकमेकींकडे पाठ करून बसायच्या. आम्ही समजावलं, चहाला एकत्र बोलावलं. काही उपयोग झाला नाही. खरं तर चूक आमचीही होती. पाळी कुणाची हे आम्ही वहीत नीट लिहिलंच नव्हतं.

मग एका सकाळी ताई स्वतःच त्या घरी गेल्या. अंगणात पापड वाळत होते. म्हणाल्या, "मला राग आहे अजून. पण रोज संध्याकाळी पाच-पाच वेळा माफी मागते आणि तुझ्याशी बोलत नाही, हे मला खोटं वाटायला लागलंय." येशूचं सांगणंही तसंच आहे, वेदीपाशी अर्पण घेऊन आलात आणि भांडण आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवा, आधी समेट करून या.

समोरची काही बोलली नाही. आत जाऊन तिने दुसरा पाट आणला. ताई बसल्या आणि पापड उलटायला लागल्या.

व्याजाचे पैसे ताई अजून फेडताहेत. पाळीची वही आता आम्ही भिंतीला टांगली आहे. पुढच्या कर्जाच्या वेळी वाद झालाच, पण दोघी एका चटईवर बसून भांडल्या.

येत्या बैठकीला पासबुकं आणायला विसरू नका. नमस्कार.