शाळेचा लॅपटॉप आणि घराचा उंबरठा

(शिक्षक-पालक मेळाव्यात केलेले भाषण)



विद्यार्थ्याच्या दप्तरात पुस्तकांबरोबर लॅपटॉपही असावा, ही कल्पना आता नवी राहिलेली नाही. तामिळनाडू शासनाने २०११ साली विद्यार्थ्यांना विनामूल्य लॅपटॉप देण्याची योजना सुरू केली. २०२० साली करोनाच्या साथीत शाळा बंद झाल्या, तेव्हा अभ्यासाचा धागा अशाच साधनांनी जुळवून ठेवला. ज्ञानाचे दार उघडणारे हे साधन स्वागतार्हच आहे; परंतु त्याच दारातून अपरिचित माणूसही मुलापर्यंत पोहोचू शकतो, याचे भान ठेवणे अगत्याचे आहे.

शाळेने दिलेला लॅपटॉप सुरक्षितच असणार, असा अनेक पालकांचा समज असतो. तो नेहमीच खरा नसतो. अनिष्ट संकेतस्थळे अडविणारी व्यवस्था कित्येकदा शाळेच्या इंटरनेट जोडणीवर बसविलेली असते. तोच लॅपटॉप सायंकाळी घरच्या मोबाइलच्या जोडणीवर चालू लागला, की ती व्यवस्था मागे शाळेतच राहते. म्हणून ती प्रत्यक्ष लॅपटॉपमध्ये बसविली आहे काय, याची विचारणा पालकांनी तो स्वीकारतानाच करावी. विद्यार्थ्याच्या खात्यावरून नवे सॉफ्टवेअर घालता येऊ नये, पासवर्ड मित्रालाही सांगितला जाऊ नये आणि वर्षअखेर लॅपटॉप परत करताना त्यातील खासगी छायाचित्रे व खाती काढून टाकली जावीत, एवढी दक्षता सहज घेता येईल.

मात्र देखरेखीलाही मर्यादा हवी. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात फिलाडेल्फिया शहराजवळ लोअर मेरियन हा शालेय जिल्हा आहे. तेथील माध्यमिक विद्यार्थ्यांना सुमारे २,३०० लॅपटॉप देण्यात आले होते. हरविलेला लॅपटॉप शोधण्यासाठी त्यांत एक सोय होती. ती सुरू केली, की लॅपटॉपचा कॅमेरा ठराविक वेळाने आपोआप छायाचित्रे घेत असे. या सोयीची पूर्वकल्पना विद्यार्थ्यांना व पालकांना देण्यात आली नव्हती. मुलांची त्यांच्या घरातील छायाचित्रे अशा रीतीने घेतली गेल्याचे २०१० साली उघड झाले, प्रकरण न्यायालयात गेले आणि अखेर ६ लाख १० हजार डॉलर देऊन शालेय जिल्ह्याला तडजोड करावी लागली. चोरीपासून लॅपटॉपचे रक्षण करताना मुलाच्या खासगी जीवनावरच अतिक्रमण झाले. शाळा काय पाहू शकते, कोण पाहणार आणि ती माहिती किती दिवस ठेवणार, हे पालकांना लेखी कळविणे म्हणूनच आवश्यक ठरते.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. समवयस्क असल्याचे भासवून कोणी मुलाशी ओळख वाढवितो, छायाचित्र मागवितो आणि मग ते सर्वांना दाखविण्याची धमकी देतो. अशा वेळी धमकी देणाऱ्याइतकेच मुलाला भय वाटते ते घरच्यांच्या रागाचे आणि लॅपटॉप काढून घेतला जाण्याचे. ते गप्प राहते, आणि त्या मौनातच गुन्हेगाराचे बळ असते. तेव्हा, "काहीही घडले तरी आधी आम्हांला सांग, तुला शिक्षा होणार नाही," हे वचन आपण मुलांना आजच द्यावयास हवे, आणि प्रसंग आल्यास ते पाळावयास हवे.

असा प्रसंग ओढवलाच, तर धमकी देणाऱ्यास पैसे देऊ नयेत व संदेश पुसून टाकू नयेत. मुलाचे छायाचित्र मात्र पुरावा म्हणूनही इतरांकडे पाठवू नये. मुलांच्या मदतीसाठी १०९८ आणि सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हे दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहेत. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२ अन्वये असा अपराध पोलिसांना कळविणे हे कर्तव्य आहे. शाळेची बदनामी होईल या भीतीने प्रकरण दडपणे कायद्यालाही मान्य नाही.

प्रत्येक शाळेने लॅपटॉप वाटपाच्या दिवशीच पालकांची सभा घ्यावी आणि मुलांनी कोणाकडे निःसंकोचपणे जावे, त्या शिक्षकाचे किंवा शिक्षिकेचे नाव सर्वांसमक्ष जाहीर करावे. त्यासाठी स्वतंत्र निधी लागत नाही. यंत्र बिघडले तर दुरुस्त करता येते. मुलाचा उडालेला विश्वास परत मिळविणे तितके सोपे नसते.